खर्रा, गाल आणि गुणसूत्रांची चुकलेली वाटणी

मी पेशीविभाजनावर पीएचडी करते, हे वडसात (म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात) आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. त्यामुळे सुट्टीत घरी आले की कॅन्सरबद्दलचे प्रश्न येतातच. आणि आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की बोलणं खर्र्यावर येऊन थांबतं. तीन वाक्यं तर मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ती पाठ झाली आहेत. पहिलं, "मामा चाळीस वरसापासून खाते, त्याले का झाला?" दुसरं, "मी तं तंबाखू नावालेच टाकतो, सुपारीच जास्त." आणि तिसरं, "एवढी वर्षं खाल्ला, आता सोडून का फायदा?"

ही वाक्यं हसून सोडून देण्यासारखी नाहीत. खर्र्याने कॅन्सर होत असेल तर तो सगळ्यांना का होत नाही? आणि ज्यांना होतो त्यांना व्हायला इतकी वर्षं का लागतात? हे प्रश्न संशोधकांनाही पडलेले आहेत. त्यांच्या उत्तराचा एक मोठा भाग पेशीच्या आत, गुणसूत्रांच्या वाटणीत सापडतो. आज तेच सांगायचा प्रयत्न करते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं: खर्रा म्हणजे सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून चांगला घोटलेला. गडचिरोली-चंद्रपूर भागात तो पानठेल्यावर मिळतो, धानाच्या बांधीवर असतो, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकाला तर हमखास असतो. लोक तो गालात धरून ठेवतात. काही जण गालात ठेवूनच झोपतात.

वाटणी कशी होते

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून. शरीर चालवायच्या सगळ्या सूचना त्यांच्यात असतात. पेशीची पेशीला भर पडायची तर एकीच्या दोन व्हाव्या लागतात, आणि दोघींकडे ४६ च्या ४६ गुणसूत्रं पोचावी लागतात. एक कमी नाही, एक जास्त नाही.

दोन भाऊ वेगळे निघताना घरच्या कागदपत्रांचा गठ्ठा दोघांनाही हवा असतो, असं समजा. पेशी आधी प्रत्येक कागदाची एक प्रत काढते. ४६ चे ९२ होतात. पण प्रती सुट्या ठेवत नाही. मूळ आणि प्रत एकमेकींना चिकटवून ठेवते, म्हणजे हरवायला नको. या जुळ्या भागांना शाळेच्या पुस्तकात अर्धगुणसूत्रं म्हणतात, आणि जिथे ती घट्ट बांधलेली असतात त्या जागेला गुणसूत्रबिंदू.

मग पेशीच्या दोन टोकांपासून बारीक तंतू निघतात. दहावीच्या पुस्तकातले तर्कूतंतू ते हेच. एका टोकाकडचा तंतू जोडीतल्या एका भागाला पकडतो, दुसऱ्या टोकाकडचा दुसऱ्याला. दोन्हीकडून ताण आला की जोडी बरोबर मधोमध येऊन उभी राहते. ही मध्यावस्था. सगळ्या ४६ जोड्या अशा रांगेत लागल्या की मधला डिंक एकदम कापला जातो आणि दोन्ही बाजूंना एकेक संच ओढला जातो. ही पश्चावस्था.

पुस्तकात हे चार चित्रांत संपतं. खरी गंमत मधल्या थांबण्यात आहे. डिंक नेमका कधी कापायचा? ४५ जोड्या तयार आहेत आणि एक अजून कुठेतरी भरकटते आहे, अशा वेळी कापला तर घोटाळा नक्की. त्यासाठी पेशीत एक तपासनीस असतो. तलाठ्यासारखा समजा. शेवटच्या हिस्सेदाराची सही झाल्याशिवाय फेरफार पुढे सरकवणार नाही म्हणजे नाही. एक जोडी जरी तंतूला बांधली गेलेली नसेल तरी ती "थांबा, थांबा" असा रासायनिक निरोप पाठवत राहते आणि अख्खी पेशी थांबते. हे काम करणारी जनुकं १९९१ साली दोन वेगवेगळ्या गटांनी यीस्टमध्ये शोधली. एका गटाने त्यांना मॅड नाव दिलं, दुसऱ्याने बब. तीच जनुकं थोड्याफार फरकाने आपल्यातही आहेत.

चूक कुठे होते

तपासनीस इतका कडक असताना चूक होतेच कशी? तलाठ्याच्या उदाहरणातच उत्तर आहे. तो सही आहे का, एवढंच बघतो. सही कोणाच्या दबावाखाली केली हे त्याला दिसत नाही.

पेशीत नेमकं असं होतं: जोडीतल्या एकाच भागाला दोन्ही टोकांचे तंतू येऊन चिकटतात. तंतू चिकटलेला आहे, म्हणून तपासनीस समाधानी. ताणही थोडाफार आहे. डिंक कापला जातो, बाकीची गुणसूत्रं आपापल्या बाजूला जातात आणि हे एक बिचारं दोन्हीकडून ओढलं जात मधेच रेंगाळतं. अशा चुकीच्या जोडण्या रोजच होतात आणि बहुतेक वेळा पेशी त्या सोडवून पुन्हा नीट बांधते. ही दुरुस्ती अपुरी पडली की गुणसूत्र मागे राहतं.

रेंगाळलेल्या गुणसूत्राचं पुढे दोनपैकी एक होतं. एक तर ते चुकीच्या बाजूला जातं. मग एका पेशीकडे ४७ आणि दुसरीकडे ४५. नाही तर ते कुठल्याच मुख्य केंद्रकात पोचत नाही आणि त्याच्याभोवती वेगळं छोटं आवरण तयार होतं. मोठ्या केंद्रकाशेजारी एक चिमुकलं केंद्रक. याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. गुणसूत्र तुटून त्याचा तुकडा मागे राहिला तरीही असंच चिमुकलं केंद्रक तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतं. हा मायक्रोन्यूक्लियस लक्षात ठेवा, पुढे गालात तोच भेटणार आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी पेशींत साधारण शंभर विभाजनांत एखादं गुणसूत्र चुकीच्या ठिकाणी जातं. कॅन्सरच्या ज्या पेशींत गुणसूत्रं अस्थिर झालेली असतात, त्यांच्यात हेच दर एक ते पाच विभाजनांमागे एकदा होतं. म्हणजे तिथे चूक हाच नियम झालेला असतो.

शंभर वर्षांपूर्वीचा अंदाज

कॅन्सर आणि वाटणी यांचा संबंध कोणाच्या लक्षात आला? १८९० मध्ये डेव्हिड फॉन हान्सेमान या जर्मन डॉक्टरने गाठींच्या नमुन्यांत वाकड्यातिकड्या, असमान विभाजनं पाहिली आणि त्यांची चित्रं काढली. पण नुसतं दिसणं वेगळं आणि कारण समजणं वेगळं.

तो दुवा जोडला थिओडोर बोवेरी या जीवशास्त्रज्ञाने, आणि तोही कॅन्सरवर काम न करता. तो समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करत होता. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की ते अंडं दोनाऐवजी एकदम तीन-चार भागांत दुभंगतं आणि गुणसूत्रं कशीही विखुरतात. अशी बहुतेक गर्भं मरत, पण प्रत्येक गर्भात बिघाड वेगळाच दिसे. त्यावरून १९०२ मध्ये त्याने सांगितलं की एकूण गुणसूत्रं किती आहेत यापेक्षा योग्य गुणसूत्रांचा पूर्ण संच असणं महत्त्वाचं. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे. १९१४ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकलं. गाठ एकाच पेशीपासून सुरू होत असावी, आणि त्या पेशीत गुणसूत्रांची चुकीची वाटणी झालेली असावी, असा त्याचा अंदाज होता.

त्या वेळी माणसाची गुणसूत्रं किती, हेसुद्धा नक्की ठाऊक नव्हतं. बराच काळ लोक ४८ समजत होते. ४६ हा आकडा १९५६ मध्ये जो-हिन जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी पक्का केला. त्यासाठी त्यांनी कोल्चिसिन हे द्रव्य वापरलं. कोल्चिसिन तर्कूतंतू बनू देत नाही, त्यामुळे पेशी ऐन वाटणीच्या आधी अडकून पडते आणि गुणसूत्रं मोजता येतात. आपल्या जंगलात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. कळलावी विषारी का, याचं एक उत्तर यात आहे: ती शरीरातल्या पेशींची वाटणीच थांबवते. म्हणून तिला औषध म्हणून हात लावायला जाऊ नका.

आज आपल्याला माहीत आहे की गाठ धरणाऱ्या सुमारे ९० टक्के कॅन्सरमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. बोवेरीचा अंदाज वाया गेला नाही.

आता गालाकडे

गालाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी दुभंगत राहतात, नव्या पेशी वर सरकत जातात आणि दोन-तीन आठवड्यांत वरच्या थराला पोचून झडून जातात. म्हणजे इथे गुणसूत्रांची वाटणी कायम चालू. खर्रा नेमका या चालू असलेल्या कामावर जाऊन बसतो.

खर्र्यातला प्रत्येक घटक आपापलं काम करतो. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स गुणसूत्रातल्या डीएनएला चिकटतात, त्यामुळे प्रत काढताना चुका होतात आणि तुकडे पडतात. चुन्यामुळे अस्तराला जखमा होतात आणि सुपारीतली द्रव्यं जास्त मोकळी होतात. शिवाय जखम भरायची म्हणजे पेशींना जास्त वेळा दुभंगावं लागतं. जास्त विभाजनं म्हणजे चुकीच्या जास्त संधी.

आणि सुपारी? तिच्यात अॅरेकोलिन नावाचं अल्कलॉइड असतं. माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत दिसलं की अॅरेकोलिनमुळे तर्कूची बांधणी विस्कटते, गुणसूत्रं रांगेत नीट लागत नाहीत आणि पेशी विभाजनाच्या मधेच अडकून राहते. म्हणजे तंबाखू कागद फाडते आणि सुपारी वाटणीच्या दोऱ्या गुंतवते.

म्हणून ते दुसरं वाक्य, "तंबाखू नावालेच, सुपारीच जास्त", हा दिलासा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. जो गट तंबाखूचा, तोच.

हे सगळं गालात खरंच दिसतं का? दिसतं, आणि बघायची पद्धत अगदी साधी आहे. गालाच्या आतून लाकडी चपट्या काडीने हलकेच खरवडायचं, आलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, डीएनए रंगवायचा आणि हजार-दोन हजार पेशींत मायक्रोन्यूक्लियस किती पेशींत आहेत ते मोजायचं. १९८२ मध्ये हॅन्स स्टिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत भारतातल्या तंबाखू चघळणाऱ्यांवर वापरली, आणि त्यांच्या तोंडातल्या पेशींत मायक्रोन्यूक्लियसचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पुढे १९९० च्या दशकात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी सुपारी खाणाऱ्यांच्या पेशी तपासल्या. त्यांच्यातही प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या लोकांच्या गालात गाठ नव्हती. दुखत नव्हतं. ते जेवत होते, कामाला जात होते. पण पेशींच्या पातळीवर वाटणी चुकायला लागली होती. म्हणजे "मला काही झालं नाही" आणि "माझ्या गालात काही होत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक खुलासा मात्र करायला हवा. मायक्रोन्यूक्लियस सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. धूर, काही औषधं, काही जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही ते वाढतात. गटागटांची तुलना करायला ही तपासणी चांगली आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला नाही.

मग मामाला का झालं नाही?

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. वाटणी चुकलेल्या पेशीचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा ती मरते किंवा पुढे दुभंगायचं थांबते. हे बोवेरीच्या अर्चिनमध्येही दिसलं होतं. एखादं गुणसूत्र जास्त म्हणजे शेकडो जनुकांचा हिशेब बिघडला, पेशी लंगडी पडते. शिवाय पी-५३ नावाचं प्रथिन पहारा देत असतं. वाटणीत गडबड झाली किंवा डीएनए तुटला की ते पेशीला थांबवतं, गरज पडली तर मरायला लावतं.

त्यामुळे कॅन्सर व्हायला एक चूक पुरत नाही. एकाच पेशीच्या वंशात चुकांची विशिष्ट मालिका जुळून यावी लागते. एखाद्या चुकीत वाढीला लगाम घालणारं जनुक गेलं पाहिजे, दुसरीत वाढीला टाच मारणारं जनुक वाढलं पाहिजे, आणि पी-५३ चा पहारा उठला पाहिजे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हीच चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतात. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचे भाग हरवलेले असतात, आणि अकराव्या गुणसूत्राचा एक भाग, ज्यात पेशीला विभाजनाकडे ढकलणारं सायक्लिन डी-१ हे जनुक आहे, तो अनेक पटींनी वाढलेला असतो.

गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचा असा नकाशा भारतातच तयार झाला आहे. नवी मुंबईतल्या खारघरचं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, आणि पश्चिम बंगालच्या कल्याणीतली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी मिळून हे काम केलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. आधी ५० रुग्णांच्या जनुकांचं वाचन केलं, मग आणखी ६० रुग्णांत ते पडताळलं. सर्वाधिक बिघडलेलं जनुक कोणतं निघालं? पी-५३ चंच.

मालिका जुळणं हा नशिबाचा भाग आहे, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक खर्रा म्हणजे लॉटरीचं आणखी एक तिकीट, आणि हे लागू नये अशी लॉटरी. दिवसाला दहा खर्रे, वर्षाला ३,६५०, चाळीस वर्षांत १,४६,०००. इतकी तिकिटं काढूनही मामाला लागली नाही, हे शक्य आहे. पण ज्यांना लागली ते आज पानठेल्यावर उभे राहून उदाहरण द्यायला नाहीत. आपण वाचलेल्यांनाच बघतो आणि त्यांच्यावरून हिशेब करतो. टाटा मेमोरियलमध्ये वसंत खानोलकरांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला होता. हिशेब करायचाच तर त्या बाजूनेही करायला हवा.

चूक कारण आहे की परिणाम?

इथे एखादा चौकस वाचक विचारेल, आणि माझ्या क्षेत्रात यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत: कॅन्सर झाला म्हणून वाटणी बिघडते, की वाटणी बिघडते म्हणून कॅन्सर होतो?

याचं सगळ्यात बोलकं उत्तर एका फार दुर्मीळ आजारातून आलं. काही मुलं जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पेशीपेशीत गुणसूत्रांची संख्या वेगळी. २००४ मध्ये कळलं की यातल्या अनेक कुटुंबांत बब गटातल्याच एका जनुकात, म्हणजे आपल्या तलाठ्यातच, जन्मजात बिघाड असतो. आणि या मुलांना अगदी लहान वयात कॅन्सर होण्याचा धोका खूप जास्त असतो. तपासनीस आधी गेला, कॅन्सर नंतर आला. इथे क्रम स्पष्ट आहे.

पण गोष्ट एवढी सरळ नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉन क्लीव्हलँड यांच्या गटाने उंदरांत तर्कूला पकडायला मदत करणारं एक प्रथिन कमी केलं. वाटणीच्या चुका वाढल्या. काही प्रकारच्या गाठी जास्त झाल्या, पण काही परिस्थितींत गाठी उलट कमी झाल्या. डाउन सिंड्रोमच्या मुलांत एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. त्यांच्यात लहानपणीच्या रक्ताच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, पण मोठेपणी होणाऱ्या बहुतेक गाठींचे कॅन्सर कमी दिसतात. म्हणजे कोणतं गुणसूत्र, कोणत्या पेशीत, आणि चुका किती, यावर सगळं अवलंबून. थोड्या चुका कॅन्सरला खतासारख्या. फार चुका झाल्या तर कॅन्सरची पेशीही तग धरत नाही.

मायक्रोन्यूक्लियसची गोष्टही पुढे सरकली आहे. आधी वाटायचं की ती फक्त चुकीची खूण आहे, चूक होऊन गेल्यावर उरलेली. पण या छोट्या केंद्रकाचं आवरण कच्चं असतं, ते फाटतं आणि आतल्या गुणसूत्राचे तुकडे होतात. हे २०१२ आणि २०१५ मध्ये बोस्टनच्या डेव्हिड पेलमन यांच्या गटाने दाखवलं. ते तुकडे नंतर उलटसुलट जोडले जातात आणि पुढच्या विभाजनात मुख्य केंद्रकात परतही येऊ शकतात. काही कॅन्सरमध्ये एखादं गुणसूत्र एका झटक्यात फुटून वेडंवाकडं शिवल्यासारखं सापडतं, त्याचं हे एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे खूण स्वतःच पुढच्या नुकसानीचं कारण बनते.

हीच चूक औषध होते

"फार चुका झाल्या तर कॅन्सरची पेशीही मरते" हे वाक्य वर आलं. कॅन्सरवरची काही जुनी आणि आजही रोज वापरली जाणारी औषधं याच जागी घाव घालतात.

आपल्या अंगणात बारा महिने फुलणारी सदाफुली घ्या. तिच्यातून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं १९६० च्या दशकात वापरात आली. ती तर्कूतंतू बांधूच देत नाहीत. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात विनक्रिस्टिन आजही महत्त्वाचं आहे. (म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका. त्यात किती द्रव्य आहे याचं माप नसतं आणि ती विषारी आहेत. औषध वेगळं काढून, मोजून, शिरेतून देतात.) टॅक्सेन गटातली औषधं, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल, याच्या उलट काम करतात. ती तंतू सुटूच देत नाहीत. दोन्ही प्रकारांत वाटणीचा बट्ट्याबोळ होतो आणि आधीच चुकांच्या काठावर उभी असलेली पेशी पलीकडे ढकलली जाते. केस जातात, तोंड येतं, ते याचमुळे. केसांची मुळं आणि तोंडाचं अस्तर इथल्या निरोगी पेशीही भराभर दुभंगत असतात.

टाटा मेमोरियलच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये छापून आला. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना सिस्प्लॅटिन हे नेहमीचं औषध झेपत नाही, त्यांना किरणोपचारासोबत डोसेटॅक्सेल दिलं. नुसत्या किरणोपचारात दोन वर्षांनी ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, डोसेटॅक्सेल दिल्यावर ५०.८ टक्के. फरक ९ टक्क्यांचा. पण हा आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचा. औषध देऊनही दोन वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण गेले. तोंडाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यावर गेला की हातात एवढंच उरतं.

आता सोडून का फायदा?

तिसऱ्या वाक्याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. वरच्या थरातल्या पेशी काही आठवड्यांत बदलतात, त्यामुळे खर्रा थांबला की नव्या चुकांचा ओघ आटायला लागतो. खालच्या थरात ज्या पेशींनी आधीच एक-दोन पायऱ्या ओलांडल्या आहेत, त्या मात्र तिथेच राहतात. त्या पुसल्या जात नाहीत. म्हणून धोका लगेच शून्य होत नाही. पण मालिकेतली पुढची चूक घडायची बाकी असेल, तर ती घडवणारं कारण आपण काढून घेतो. मालिका अर्धी असताना थांबणं आणि पूर्ण झाल्यावर थांबणं यात अख्ख्या आयुष्याचा फरक आहे. उशीर झाला हे कारण सोडायला जास्त लागू पडतं, चालू ठेवायला नाही.

गडचिरोलीत याची जाण नवी नाही. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम जिल्हाभर चालू आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरी पानठेल्यावर काय घोटलं जातं ते आपण सगळे बघतो. कायदा पन्नीपर्यंत पोचतो, गालापर्यंत आपल्यालाच पोचावं लागतं.

घरात कोणी खर्रा खात असेल तर एवढं करा. महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड उघडून बघायला सांगा. गालात, जिभेच्या कडेला, हिरड्यांच्या बाजूला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? तिखट लागताच आग होते का? स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं असेल तर ते सुपारीमुळे आतलं अस्तर ताठर होत असल्याचं लक्षण आहे, आणि असा ताठरपणा पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. यातलं काहीही असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे दाखवा. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घाबरून परत येऊ नका. "सुरी लागली की पसरते" या भीतीपायी आपल्याकडे लोक महिनेच्या महिने घालवतात, आणि ते महिनेच सगळ्यात महाग पडतात.

सोडायचं ठरवलं आणि तलफ आवरत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८०० ११ २३५६. हाच नंबर तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो.